सायलेन्सर बदललात, पण कार्बोरेटरला सांगितलंत का?

नवीन सायलेन्सर बसवला की पहिले दोन-तीन दिवस गाडीवाल्याला फक्त आवाज ऐकू येतो. अख्ख्या गल्लीलाच येतो म्हणा. पण त्या आवाजाखाली गाडी दुसरंच काहीतरी सांगत असते. थ्रॉटल सोडला की मागून फट-फट फटके. दुसऱ्या गिअरमध्ये रेस दिली की क्षणभर अडखळते, मग एकदम झेप घेते. सकाळी चोक ओढल्याशिवाय स्टार्ट व्हायचं नाव नाही. कॉलेजच्या पार्किंगमध्ये लगेच निदान होतं, 'काही नाही रे भो, नवीन आहे. दोनशे किलोमीटर चालव, आपोआप सेट होईल.'

नाही होत. सायलेन्सर म्हणजे काही नवीन चप्पल नाही, वापरून वापरून पायाला बसायला. इंजिनात हवा कशी येते आणि जळलेला धूर कसा बाहेर जातो, या साखळीचं शेवटचं कडं तुम्ही बदललंय. पहिलं कडं म्हणजे कार्बोरेटर. तो अजून जुन्याच हिशोबाने पेट्रोल देतोय. या दोघांची गाठ घालून दिली नाही तर किंमत पिस्टन मोजतो, आणि पिस्टनची किंमत बहुतेक घरांत वडील मोजतात.

हे सगळं कार्बोरेटरवाल्या गाड्यांबद्दल आहे, हे आधीच सांगतो. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं आणि त्यानंतर आलेल्या जवळपास सगळ्या मोटारसायकली फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. त्यांच्यात जेट नाही, स्क्रू पिळायची सोय नाही. पेट्रोल किती द्यायचं ते सेन्सर आणि ईसीयू ठरवतात, आणि एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो काढला की गाडी सरळ जास्त विषारी धूर सोडते. पण भडगाव, पाचोरा, चाळीसगाव, कुठल्याही कॉलेजच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. वडिलांची दहा-बारा वर्षं जुनी स्प्लेंडर, काकांकडून उतरत आलेली पल्सर, हौसेने घेतलेली सेकंडहॅण्ड बुलेट, आणि एखाद्या नशीबवानाची आरएक्स १००, जी भारतात १९८५ ते १९९६ एवढ्याच काळात विकली गेली आणि तरी अजून मरायला तयार नाही. आपल्या भागातल्या बऱ्याच गाड्या अजून कार्बोरेटरवरच श्वास घेतायत.

बारावीचा बर्नोली इथे भेटतो

कार्बोरेटर उघडलेला पाहिलाय का? नसेल तर एकदा गॅरेजवर थांबून बघाच. वरवर तो एक अॅल्युमिनियमचा ठोकळा. आतून हवेची नळी जाते आणि ती मध्ये आवळलेली असते. नळी आवळली की हवा वेगाने धावते, वेग वाढला की दाब कमी होतो. डॅनिएल बर्नोलीने १७३८ साली 'हायड्रोडायनॅमिका'त मांडलेली हीच गोष्ट तुम्ही बारावीच्या फिजिक्समध्ये घोकलीय. खालच्या वाटीत पेट्रोल भरलेलं असतं, त्यावर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब. वर नळीत दाब कमी. म्हणून पेट्रोल बारीक छिद्रातून वर खेचलं जातं आणि फवारा होऊन हवेत मिसळतं. पंप नाही, वायर नाही, प्रोग्रॅम नाही. नुसत्या ओढीवर चालणारं यंत्र.

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा आणि एक भाग पेट्रोल लागतं. पेट्रोल त्याहून कमी पडलं तर मिश्रण लीन, जास्त झालं तर रिच. पण एकच छिद्र आयडलिंगपासून फुल थ्रॉटलपर्यंत हे प्रमाण सांभाळू शकत नाही. म्हणून कार्बोरेटरमध्ये कामाची वाटणी असते. थ्रॉटल जवळपास बंद असताना पायलट जेट आणि बाजूचा स्क्रू. थोडा उघडला की स्लाइडचा खालचा कापलेला भाग. पाव ते पाऊण थ्रॉटलमध्ये निडल, म्हणजे स्लाइडला लटकलेली निमुळती सुई, जितकी वर जाईल तितकी वाट मोकळी. आणि पाऊणच्या वर मेन जेट. सीमा काटेकोर नाहीत, एकाचं काम दुसऱ्यात मिसळतं. तरी एवढं लक्षात ठेवलंत तर निम्मं ट्यूनिंग झालं, कारण मग 'गाडी अडखळते' म्हणण्याऐवजी 'पाव थ्रॉटलला अडखळते' असं म्हणता येतं, आणि मिस्तरी तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो.

आता सायलेन्सर. मोकळा पाइप म्हणजे जास्त पॉवर, हा समज अर्धाच खरा आहे. एक्झॉस्टमधून धूर सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने जातो. प्रत्येक ठोक्यामागे दाबाची लाट पाइपमधून जाते आणि पाइपचा आकार बदलतो तिथून परत फिरते. ती योग्य वेळी परतली तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून काढते आणि ताजं मिश्रण आत यायला मदत करते. टू-स्ट्रोकमध्ये तर अर्धी कमाल त्या फुगीर एक्सपान्शन चेंबरचीच असते: बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण परतणारी लाट पुन्हा आत ढकलते. लांबी, जाडी, आकार मोजून बनवलेला पाइप खरंच फरक पाडतो. पण बाजारात मिळणारा बराचसा माल असा मोजूनमापून केलेला नसतो. नुसता जाड पाइप आणि आतली जाळी गायब. जाडी गरजेपेक्षा जास्त झाली की धुराचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला गाडी आधीपेक्षा मंद होते. शंभर सीसीच्या गाडीला असला सायलेन्सर लावून तुम्हाला काय मिळतं, तर आवाज. वेग वाढल्यासारखा वाटतो तोही कानांनाच. हे माझं मत आहे. तुमचं वेगळं असेल तर डबलसीट बसून चढावर जुना आणि नवा सायलेन्सर लावून एकदा वेळ मोजा.

काहीही असो, ओढीची लय बदलली. जेटचं छिद्र, निडलची जाडी हे कंपनीने जुन्या सायलेन्सरवर बेतलेलं होतं, त्यातही प्रदूषणाच्या नियमांमुळे बऱ्याच गाड्या मुळातच जरा लीनकडे सोडलेल्या असतात. नव्या पाइपने मेळ चुकतो तो बहुतेक वेळा आणखी लीनच्याच बाजूला. भरीला कुणी एअर फिल्टरही काढून टाकतो. आपल्याकडच्या धुळीत हे म्हणजे पिस्टन-बोअरला पॉलिश पेपर लावण्यासारखं आहे.

तीन गोष्टी एकाच दिशेने

रिच चाललेली गाडी पेट्रोल पिते, प्लग काळा करते, धूर मारते. त्रास होतो, पण तो दिसतो. लीनचा धोका असा, की गाडी काही काळ छान पळते. जरा तापते एवढंच. हवेत मिसळणारं पेट्रोल वाफ होताना आतून थंडावा देत असतं, तो कमी पडतो. सलग फुल थ्रॉटलला पिस्टन गरजेपेक्षा फुगतो, आणि मग एका क्षणी इंजिन पकडतं. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकमध्ये ऑइलचा पंप वेगळा असला तरी ही उष्णता त्याला आवरत नाही. मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं, आणि त्या वेळी तुमचा हात क्लचवर नसेल तर पुढचं सांगायला नको.

आता खानदेशचा हिशोब बघा. मे महिन्यात दुपारी पारा ४४ वर आणि डिसेंबरच्या पहाटे १० वर, हे आपल्याला नवीन नाही. १० अंशांच्या हवेपेक्षा ४४ अंशांची हवा सुमारे ११ टक्के विरळ असते. कार्बोरेटरला हे कळत नाही, पेट्रोल तो तेवढ्या प्रमाणात कमी करत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात मिश्रण पाच-सहा टक्के रिचकडे झुकतं. म्हणून मे महिन्यात भरदुपारी जीव लावून अगदी नेमकी ट्यून केलेली गाडी डिसेंबरात सकाळच्या थंडीत लीन होते. आणि गंमत म्हणजे थंडीत ती जास्त जोरात पळतेय असं वाटतं, कारण हवा खरंच दाट असते. तुम्ही खुश होऊन अजून कान पिळता.

दुसरी गोष्ट पेट्रोल पंपावरची. आता आपल्या टाकीत येणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं, म्हणजे ई-२०. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. १४.७ चं गणित ई-२०साठी साधारण १३.५ वर येतं. जुन्या गाडीचा जेट शुद्ध पेट्रोलवर बेतलेला, म्हणजे सायलेन्सरला हातही न लावता ती सात-आठ टक्के लीन झालीच. त्यावर नवा सायलेन्सर, त्यावर डिसेंबर. तिन्ही एकाच दिशेने ढकलतायत. इथेनॉल पाणीही धरून ठेवतं, त्यामुळे परीक्षेच्या काळात महिनाभर उभी राहिलेली गाडी असेल तर वाटीतलं जुनं पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाका. फ्लोटच्या वाटीचं रबर, पेट्रोलची नळी जुनी असेल तर तीही बघून घ्या.

उलटा अनुभव घ्यायचा तर तोरणमाळला जा. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच. तिथे हवा विरळ, म्हणून खाली बरोबर असलेली गाडी वर जरा जड, दबल्यासारखी चालते. गाडी बिघडलेली नसते. वर जेट बदलत बसू नका, खाली उतरलात की ठीक होते.

पाना हातात घेण्याआधी

फटके मारते म्हणून लगेच कार्बोरेटर खोलू नका. आधी सिलिंडरला बेंड पाइप जोडलाय तिथे बघा. सायलेन्सर बदलताना तिथली गॅस्केट बहुतेक जण जुनीच ठेवतात. ती दबलेली असते, जोडातून बाहेरची हवा आत शिरते आणि उरलेलं पेट्रोल पाइपमध्येच पेट घेतं. फट! गॅस्केट काही फार महाग वस्तू नाही, आणि अनेकांचं 'ट्यूनिंग' तिथेच संपतं. तसंच कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधलं रबर तडकलं असेल तर तिथून हवा पकडते. ही गळती असताना कितीही जेट बदला, गाडी जागेवर यायची नाही. एअर फिल्टर साफ, प्लगचं अंतर बरोबर, व्हॉल्व्हची सेटिंग केलेली, एवढं झाल्यावरच पुढे.

इंजिन गरम हवं, पण काम करताना बंद आणि जरा निवलेलं. पेट्रोल कॉक बंद. वाटी उघडली की पेट्रोल सांडणार, त्यामुळे हे काम बंद खोलीत नाही, आणि शेजारी बिडी-सिगारेटवाला मित्र अजिबात नाही.

आता थ्रॉटलच्या मुठीवर आणि त्याच्या बाजूच्या घरावर चिकटपट्टीने खुणा करा: बंद, पाव, अर्धा, पाऊण, फुल. अडखळणं नेमकं कुठे होतं ते त्यावरून कळतं. चोकची चाचणी सगळ्यात सोपी. ज्या थ्रॉटलला गाडी कुरकुरते, तिथे चोक किंचित ओढा. सुधारली तर लीन होती, आणखी बिघडली तर रिच. मेन जेटसाठी दुसरी युक्ती आहे. फुल थ्रॉटलला गाडी खेचत असताना मूठ जराशी मागे घ्या. तेवढ्यात तिने उलट जास्त जोर धरला, तर मेन जेट लहान पडतोय. ही चाचणी हायवेवर ऐंशी-नव्वदला करायची गरज नाही. मोकळा चढ शोधा, तिसऱ्या गिअरमध्ये करा, हेल्मेट घालून.

मग प्लग. नवा प्लग लावून, थोडा वेळ त्याच थ्रॉटलला चालवून, क्लच दाबून इंजिन तिथल्या तिथे बंद करा आणि प्लग काढून पाहा. पांढराफटक, चुन्यासारखा दिसला तर लीन. काजळीसारखा काळा आणि कोरडा असेल तर रिच. दुधाच्या चहापासून फिक्या विटेपर्यंतचा रंग ठीक. हल्लीच्या पेट्रोलवर हे रंग पूर्वीइतके ठळक उमटत नाहीत, त्यामुळे एकट्या प्लगवर निकाल देऊ नका. आणि घरापर्यंत आयडलिंगवर आणून काढलेला प्लग तर काहीच सांगत नाही, तो फक्त आयडलिंगचा रंग दाखवतो.

क्रम मी असा ठेवतो: वरून खाली. आधी मेन जेट, मग पायलट आणि स्क्रू, शेवटी निडल. एका वेळी एकच बदल. जेटवर आकडा कोरलेला असतो, पण मिकुनीचा आकडा आणि केहिनचा आकडा वेगवेगळ्या मापाचे, एकमेकांशी ताडू नका. एकाच कंपनीचा पुढचा, त्याच्या पुढचा, असं एकेक पायरीने जा. व्यासावर आकडे असतील तर १०० वरून ११० म्हणजे 'दहाने वाढवला' असं नसतं. छिद्राचं क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं. म्हणूनच जेटला ड्रिल मारणाऱ्यापासून लांब राहा. साफ करताना आत तार घालणाऱ्यापासूनही. पितळ मऊ असतं, एक ओरखडा पडला की आकडा नुसता नावाला उरतो. क्लिनर आणि हवेची फुंकर, बस.

बाजूच्या स्क्रूबाबत तर भल्याभल्यांची फसगत होते. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा स्क्रू: बाहेर काढला की लीन. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा: बाहेर काढला की रिच. नेमका उलटा. हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा, किती आटे होते ते मोजून लिहा, मगच बदल करा. जोर लावून पिळलात तर त्याचं टोक बसकणीत रुतून कायमचं बिघडतं. निडलला वर चार-पाच खाचा असतात आणि एक लॉक. लॉक खालच्या खाचेत नेलं की सुई वर उचलली जाते, मिश्रण रिच. बुलेट, पल्सरच्या काही मॉडेल्समध्ये व्हॅक्यूमवर उचलणारी स्लाइड असते, तिथल्या सुईला बऱ्याचदा खाचाच नसतात. तिथे सुईखाली अगदी पातळ वॉशर देतात. त्या स्लाइडवरचं रबरी पडदं मात्र जपून हाताळा, फाटलं तर गाडी जोरच धरत नाही.

प्रत्येक बदल वहीत लिहा: तारीख, साधारण तापमान, कोणता जेट, स्क्रूचे आटे, काय झालं. हे शिकायचं तर इंजिनिअरिंगला असलेल्या मित्रांना 'बाहा'बद्दल विचारा. कॉलेजच्या टीम स्वतः एकसीटर एटीव्ही बांधून खड्ड्यांतून, चिखलातून पळवतात, ती स्पर्धा. आपल्याकडे तिची सुरुवात २००७ साली पीथमपूरला झाली, धुळे-शिरपूरवरून जाणाऱ्या आग्रा रोडनेच पुढे, इंदूरजवळ. तिथे पळणाऱ्या टीमकडे पान्यांइतकीच जपलेली एक वही असते.

आरसी कुणाच्या नावावर आहे?

गाडी सुरेख ट्यून झाली तरी एक प्रश्न उरतोच. आवाजाच्या नियमाचा भंग केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली पहिल्या वेळीच १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद होऊ शकतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकासाठी वेगळं कलम आलं, १८२-अ. परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मालक म्हणजे ज्याच्या नावावर आरसी आहे तो. तुम्ही चालवत असाल, नाव वडिलांचं असेल, तर त्यांना न विचारता बसवलेल्या सायलेन्सरची नोटीस त्यांच्या हातात पडणार. शहराशहरांत पोलिस जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात, ते व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील.

८० सीसीच्या वरच्या, १७५ सीसीपर्यंतच्या दुचाकीला कारखान्यातून बाहेर पडतानाच आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल आणि त्याहून मोठ्या गाडीला ८० डेसिबल अशी आखलेली आहे. डेसिबलचं माप लॉगचं असतं, १० ने वाढलं की ध्वनीची ऊर्जा दहापट. जाळी काढलेला सायलेन्सर ही मर्यादा कुठल्या कुठे सोडतो. आवाज कमी करणारी काढती जाळी, गॅरेजच्या भाषेत डीबी किलर, नव्या सायलेन्सरसोबत आलेली असेल तर ती घाला. आणि हो, ती घातली किंवा काढली की मिश्रण पुन्हा बदलतं. जाळी घालूनच ट्यून करा, नाहीतर पोलिस दिसले म्हणून घाईत घातलेल्या जाळीबरोबर गाडी पुन्हा अडखळायला लागेल.

जुना सायलेन्सर भंगारात घालू नका. कार्बोरेटरमधून काढलेला मूळ मेन जेटही नाही. पीयूसीच्या वेळी, गाडी विकताना, किंवा वडिलांनी 'आहे तसं करून आण' म्हटल्यावर दोन्ही लागतात. जेट एका छोट्या डबीत ठेवा, डबीवर आकडा आणि लॉक कितव्या खाचेत होतं ते लिहा, आणि डबी सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबून तिथेच ठेवून द्या. वर्षाने शोधाल तेव्हा दोन्ही एकाच जागी सापडतील.